बॉनेटवरची थाप

"आज तरी थाप पडणार का, बाबा?"

गाडीतून पाय खाली टेकायच्या आधीच दौलतनं विचारलं. इंजिन अजून चालूच होतं.

नूरबाबांनी मान वर केली नाही. खाटेवर बसून ते भुईमुगाच्या शेंगा सोलत होते.

"आधी इंजिन बंद कर. डिझेल काय नळाला येतंय?"

दौलतनं इंजिन बंद केलं. घाटमाथ्यावर एकदम शांत झालं. शेंग फुटल्याचा आवाजही ऐकू यायला लागला.

आंबा घाट जिथं उतरायला लागतो, तिथं रस्त्याकडेला एक बंद पडलेला ढाबा होता. त्याच्या ओसरीवर नूरबाबांची खाट असे. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी पुलर चालवला. पुलर म्हणजे वीजकेंद्रांची अवाढव्य यंत्रं ओढून नेणारी गाडी. मागचा ट्रेलर इतका लांब, की गावातून जाताना त्याचं शेपूट बघायला पोरं शाळा बुडवत. आता बाबा थकले होते, पण घाट उतरणारे ड्रायव्हर अजून त्यांच्यापाशी थांबत. बाबा गाडीभोवती एक चक्कर मारत. मनात आलं, तर बॉनेटवर तळहातानं एक थाप देत. थाप मिळालेला माणूस मग निर्धास्त घाट उतरे.

गुरू म्हटला की तो नम्र असणार, असा आपला समज असतो. नूरबाबांना नम्रता कुणी शिकवलीच नव्हती. ते कुणाचं ऐकून घेत नसत आणि स्वतःची स्तुती करायला दुसऱ्याची वाट बघत नसत.

दौलत गवंडी त्यांचाच चेला. आधी क्लीनर, मग ड्रायव्हर, आणि आता कोल्हापूरजवळ शिरोलीत स्वतःचं गॅरेज. हाताला यश होतं. लांबून लांबून लोक गाड्या घेऊन येत. स्वतःची स्तुती करायची विद्याही त्यानं गुरूकडूनच उचलली होती, आणि ती बाकीच्या विद्यांपेक्षा जरा लवकरच आली होती.

पण एक सल होता. इतक्या वर्षांत त्यानं बनवलेली प्रत्येक गाडी तो इथं आणून उभी करायचा. बाबा चक्कर मारायचे, हूं म्हणायचे आणि खाटेवर जाऊन बसायचे. थाप एकदाही नाही. भाजीच्या टेम्पोला मिळाली, मासळीच्या गाडीला मिळाली. काल गाडी शिकलेल्या कुणा पोराच्या गाडीलाही मिळाली. दौलतला नाही.

आज मात्र तो नाही ऐकायला आला नव्हता.

"बघा तरी," तो म्हणाला.

बाबांनी बघितलं. पुढं एक थोराड एसयूव्ही उभी होती. कुणा बिल्डरनं वापरून वापरून टाकलेली, पण आता तुकतुकीत. तिच्या मागं चाकांवरचं घर. पांढरं, खिडक्यांना निळे पडदे.

"पयला कॅम्पर व्हता, त्यो कुठाय?"

"विकला. त्यात दोघं झोपले की तिसऱ्यानं उभं राहायचं. ह्यात चौघं झोपतात. ओटा हाय, शेगडी हाय, संडास-बाथरूम हाय. माझ्या जुन्या जीपला हे ओढलं नसतं. म्हणून ही गाडी घेतली आणि पार हाडापासून नवी केली."

"सांग की मग. कधीचा सांगायलाच थांबलायस."

दौलतनं खरंच दम घेतला आणि सुरू झाला.

"रेडिएटर मोठा बसवला. गिअरबॉक्सच्या तेलाला वेगळा कूलर दिला, चढाला तेल तापून गिअरबॉक्स बसायला नको. मागच्या स्प्रिंगा बदलल्या, ह्या मनगटाएवढ्या. हुक चासीला आवळलाय, बंपरला न्हाई. ट्रेलरला त्याचा स्वतःचा ब्रेक, आणि त्याचं बटण हितं, माझ्या हाताशी. आणि आरसे बघा केवढे."

"तुझं तोंड मावतंय का त्यात?"

गाडीतून हसू आलं. दौलतची बायको शालन दोन्ही मुलींना घेऊन खाली उतरत होती. पहिलीच सहल होती. आजच घाट उतरून समुद्राकाठी मुक्काम करायचा होता. मुलींनी वाळूत खेळायची भांडी सकाळपासून हातातून सोडली नव्हती.

"बाबा, थाप द्या आणि सोडा आम्हाला," शालन म्हणाली. "न्हाईतर हे समुद्रावर जाऊनपण तोंड पाडूनच बसतील."

बाबा उठले. गाडीभोवती एक चक्कर मारली. वाकून हुक बघितला. हुकाखालच्या दोन साखळ्या एकमेकींना छेद देऊन लावल्या होत्या, त्या ओढून बघितल्या. हूं म्हणाले.

 ही हूं दौलतच्या ओळखीची होती.

"सोडव ट्रेलर," बाबा म्हणाले.

"आँ?"

"सोडव. नाक उचलून दाव."

दौलतचा चेहरा उजळला. नाक म्हणजे ट्रेलरचा पुढचा दांडा, जो गाडीच्या हुकात बसतो. बाबांनी नेमकं तेच विचारलं होतं, ज्यासाठी त्यानं सगळ्यात जास्त जीव काढला होता.

त्यानं ट्रेलरच्या चाकांना दगड लावले. दांड्याखालचं टेकूचं चाक खाली घेतलं, हुक सोडवला आणि गाडी पुढं घेतली. मग शर्टाची बाही सारून दांड्याला एक हात घातला. दुसरा हात मुद्दाम पाठीमागं धरला.

एवढं मोठं घर, आणि त्याचं नाक एका हातात वर आलं.

"एका हातानं, बाबा!"

मुलींनी टाळ्या वाजवल्या. दौलतनं नाक हळूच खाली ठेवलं आणि हात झटकले.

बाबा आले. त्या दांड्यावर ऐसपैस बसले. खिशातून शेंग काढून सोलायला लागले.

"आता उचल."

"तुमच्यासकट?"

"मी काय परका हाय?"

दौलतनं एक हात घातला. मग दोन्ही घातले. तोंड लालबुंद झालं, मानेच्या शिरा ताठ झाल्या. नाक बोटभर हललं आणि परत टेकलं.

"बास," बाबा म्हणाले. "आता झाली तयार."

"तयार? मला उचलंना झालंय ते!"

"म्हणूनच तयार."

दौलत बघत राहिला. त्याला राग आला, आणि तो खराच आला.

"बाबा, हे तुमचंच शिकवणं हाय. हुक एका हातानं उचलला पायजे, न्हाईतर ट्रेलर भरणारा गाढव. कराडच्या नाक्यावर कानफटात दिली व्हती तुम्ही मला, त्याला दोन हात लागले म्हणून!"

"दिली असंल."

"तवापासून विसरलो न्हाई. पाण्याची टाकी मागं घेतली. जनरेटर मागच्या टोकाला बाहेर लावला. गाद्या मागं, सायकली मागं. एकेक वस्तू मागं सारत गेलो, हात घालून बघत गेलो, आणि एका हातावर आणलं. गॅरेजात माझ्या माणसांना हेच शिकवतो. तुमचं नाव घेऊन शिकवतो."

बाबांनी शेंगदाणे तोंडात टाकले. चावत राहिले...

"मी म्हणालो व्हतो?"

"तुम्हीच."

"मग खरंच असणार."

"मग?"

"मग जोड परत. एक चक्कर मारून येऊ. सूनबाई, पोरींना घेऊन तू हितंच बस. खाटंवर शेंगा हायत."

शालननं नवऱ्याकडं बघितलं. दौलतनं खांदे उडवले. त्याच्या मते हा म्हाताऱ्याचा हट्ट होता. रस्त्यावर गाडी बघितली की तोंड बंद होणार होतं.

मलकापूरच्या बाजूला रस्ता बराच वेळ सरळ जातो. दौलतनं गाडी सावकाश काढली. बाबा डाव्या सीटवर मांडीवर शेंगा घेऊन बसले होते. गाडी लोण्यासारखी चालली होती. इंजिनावर ओझं जाणवत नव्हतं, काटा जिथल्या तिथं होता.

"कशी काय?" दौलत म्हणाला.

"जरा पळव."

त्यानं वेग वाढवला. तरी काही नाही. दौलतच्या ओठांवर हसू यायला लागलं. एवढ्यात समोरून एक एसटी आली आणि वाऱ्याचा झपाटा देऊन शेजारून गेली.

कुणीतरी मागून सीटला हळूच धक्का दिल्यासारखं वाटलं. मग दुसऱ्या बाजूनं.

दौलतनं डावीकडच्या आरशात बघितलं. आरसाभर पांढरं घर आलं होतं. मग ते आरशातून गेलं आणि उजवीकडच्या आरशात दिसलं. निळे पडदे आत हेलकावे खात होते. मागचं घर पुढच्या गाडीची शेपटी धरून तिला झुलवायला लागलं होतं, आणि प्रत्येक झोक्याला जोर वाढत होता.

दौलतनं गाडीच्या ब्रेकवर पाय ठेवला नाही. एवढं तर तो झोपेतही चुकला नसता. त्यानं पाय वर घेतला, स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं, आणि हाताशी असलेल्या बटणानं फक्त ट्रेलरचा ब्रेक लावला. घर मागं ओढलं गेलं. एक झोका, अजून एक, मग लहान लहान होत गेले. गाडी सरळ झाली. त्यानं ती कडेला घेऊन उभी केली.



बाबांच्या मांडीवरच्या शेंगा खाली पडल्या होत्या. त्या त्यांनी एकेक करून उचलल्या.

"सांभाळली न्हवं?" दौलत म्हणाला. आवाज स्थिर होता, हातही स्थिर होते.

"सांभाळलीस. दुसऱ्या कुणाला जमलं नसतं. म्हंजे मी सोडून."

"मग?"

"घाटात किती वेळा सांभाळशील?"

दौलतनं घाटाच्या बाजूला बघितलं. आंबा घाटाची वळणं त्याला पाठ होती. कुठल्या वळणाला कठडा नाही, तेही पाठ होतं.

तो म्हणाला, "डोलणं रोखायला एक दांडा मिळतो बाजारात. मागवून लावतो."

"मागव की. आधी नाक जड कर."

"पण बाबा, तुम्हीच..."

"माझं बरोबरच व्हतं," बाबांचा आवाज चढला. "पुलरचं व्हतं. पुलरचा ट्रेलर शेकड्यानं चाकांवर आपला आपण उभा असतोय. त्याला नुसती वाट दावायची. त्याचा हुक जड लागला तर भरणारा गाढवच. ही पुलर हाय का?"

दौलतनं आरशात मागच्या घराकडं बघितलं.

"तुझं घर मधल्या चाकांवर तोललंय. बैलगाडीगत. पुलरच्या आधी मी बैलगाडीनं ऊस वाह्यलाय कारखान्याला. माझ्याएवढा ऊस आख्ख्या शिवारात कुणी भरत नव्हतं, ते जाऊ दे. गाडी उलाळ भरली, मागं जड, तर काय हुतं?"

"जू वर उचलतंय. बैल लटकतात."

"आन् जरा धुरजड भरली तर?"

"मानंवर ओझं येतं."

"येतंय. बैल कुरकुरतोय. पण गाडी त्याच्या मागनं येतीया. दहात एक हिस्सा नाकावर यायलाच पायजे."

दौलतला कानफटीत बसल्यासारखं झालं, कराडच्या नाक्यावर बसली होती तशीच. त्याला स्वतःचाच राग आला. गुरूचा शब्द त्यानं जिवापाड जपला होता, आणि तो शब्द कुठल्या गाडीचा होता तेवढं विचारायचं राहून गेलं होतं. लहानपणी ऊस भरलेल्या गाडीवर तोही बसला होता. हे त्याला माहीत होतं. माहीत असून त्यानं बाबांचं ऐकलं होतं.

"मला आधी का न्हाई सांगितलं? नाक उचलून दावलं तवाच सांगायचं."

"सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?"

दौलतनं जरा विचार केला. गाडी वळवली आणि हळू हळू परत ढाब्याकडं आणली.

मग ट्रेलर सोडवून उन्हात सगळं परत रचायला घेतलं. मागची पाण्याची टाकी मोकळी केली. जनरेटर उचलून पुढं दांड्यावरच्या पेटीत आणला. सायकली पुढं आल्या, गाद्या पुढच्या पलंगाखाली गेल्या. डब्याडुब्यांची पोती चाकांच्या वर, अगदी मधोमध.

"किती दिवस जागरणं करून मागं रचलं, आता पुढं रचा," शालन म्हणाली. "माझा ओटा तेवढा जाग्यावर ऱ्हाऊ द्या."

बाबा खाटेवरून हुकूम सोडत होते. हे इकडं, ते तिकडं, ते न्हवं, त्याच्या शेजारचं. मधूनमधून पुलरच्या आठवणी सांगत होते, आणि प्रत्येक आठवणीत सगळे हरले होते आणि बाबा जिंकले होते. मुली तोंड उघडं टाकून ऐकत होत्या. आपल्या बापाला रागावणारं माणूस त्यांनी पहिल्यांदाच बघितलं होतं.

शेवटी दौलतनं नाकाला हात घातला. एक हात लावला, हललं नाही. दोन हात लावले, दात-ओठ खाल्ले. जेमतेम हललं.

त्यानं ट्रेलर गाडीला जोडला. टेकूचं चाक वर घेतलं. नाकाचं वजन हुकावर आलं, आणि एसयूव्हीची मागची बाजू चार बोटं खाली बसली.

ह्याचीच दौलतला भीती होती. इतक्या हौसेनं ताठ उभी केलेली गाडी, आता मागं बसून आभाळाकडं बघत होती.

"वाकली, बाबा."

"मनगटाएवढ्या स्प्रिंगा कशाला घातल्यास मग? पैलवान पोसलास आन् कुस्ती लावायला भितोस?"

"दिसायला बरं दिसत न्हाई."

"तू आत बसणार. तुला कुठं दिसतंय?"

दौलत हसला. मघापासून पहिल्यांदाच हसला. त्यानं मागच्या टायरांत हवा वाढवली, हेडलाइट खाली घेतले, साखळ्या परत एकदा ओढून बघितल्या. मग बाबांना घेऊन त्याच रस्त्यावर, त्याच वेगानं गाडी नेली.

समोरून ट्रक आला. गेला. मग उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर. मग एसटी, तीही सुसाट.

काही झालं नाही. घर मागं आहे की सुटून राहिलं, ह्याची आरशात बघून खात्री करावी लागत होती. गाडी जरा जड चालत होती, चढाला इंजिन मेहनत घेत होतं, पण स्टिअरिंगला बोटाएवढाही हेलकावा नव्हता. अशी गाडी दौलतनं ह्याआधी बनवली नव्हती. त्याचा ऊर भरून आला. गाडी त्याची होती, तिचं हाड न् हाड त्यानं हातानं लावलं होतं, आणि आता ती खरोखर उभी राहिली होती.

ढाब्यापाशी त्यानं गाडी थांबवली. उतरला. बॉनेटच्या शेजारी जाऊन उभा राहिला. हात मागं बांधले.

बाबा उतरले. बॉनेटशेजारून पुढं गेले आणि खाटेवर जाऊन बसले.

दौलत तिथंच उभा राहिला...

"आता काय ऱ्हायलं?" त्यानं विचारलं. "सांगा तरी. चूक व्हती, ती काढली. इतकी वर्षं येतोय. घाट उतरणाऱ्या कुणाकुणाला थाप दिलीत तुम्ही. त्या भाजीवाल्याच्या टेम्पोला ब्रेकसुद्धा धड नव्हता, मीच नंतर करून दिला. त्या कालच्या पोराला धड रिव्हर्स घेता येत नव्हतं. त्यांना दिलीत. मला कधीच न्हाई. माझ्या गाडीत काय कमी असतं?"

शालन मुलींना आत बसवत होती. ती थांबली.

बाबांनी शेंगांचं टरफल फुंकून उडवलं.

"गाडीला कोण थाप देतंय?"

"मग?"

"त्यांचे हात थरथरत व्हते."

दौलतला आधी काही कळलंच नाही. मग कळलं. मग ते आत उतरत गेलं.

त्याला टेम्पोवाला आठवला. खाली बायको बाळंतपणाला दवाखान्यात होती आणि तो आयुष्यात पहिल्यांदा घाट उतरत होता. त्याला ते पोर आठवलं, बाप गेल्यावर बापाच्या गाडीवर बसलेलं. मासळीच्या गाडीवाल्याचा आदल्याच आठवड्यात त्याच वळणावर अपघात झाला होता. ते सगळे बाबांसमोर हातात रुमाल चुरगाळत उभे असायचे.

आणि तो स्वतः असा हात मागं बांधून उभा असायचा.

म्हणजे इतकी वर्षं ज्याला तो नकार समजत होता, तो नकार नव्हता. नूरबाबांनी त्याला कधी भ्यालेल्यांत धरलंच नव्हतं. दौलतची छाती हातभर फुगली. त्याला हसावं की ओरडावं तेच कळेना. त्यानं शालनकडं बघितलं. तिनं मान हलवली, ह्यांना आता समुद्र तोकडा पडणार म्हणून.

"मग न्हाई मागत," तो म्हणाला. "आता कधीच न्हाई मागत. येतो बाबा."

तो वाकून पाया पडला. रुबाबात गाडीत बसला. चावी फिरवली.

मागं धाकटी म्हणाली, "पप्पा, मघाशी आपलं घर तिकडं नाचलं, ते मी हितनं बघितलं. आता पण नाचणार?"

"न्हाई," दौलत म्हणाला.

"मला बघायचंय. मी मागं बघत बसू?"

 दौलतनं आरशात बघितलं. आरशात पांढरं घर होतं, आणि मधल्या आरशात दोघी मुली, मांडीवर वाळूची भांडी घेऊन. शालन पट्टा लावत होती.

तो सकाळी असाच निघाला होता. ह्याच तिघींना घेऊन, एका हातानं उचललेल्या नाकासकट. शिरोलीपासून इथपर्यंत रस्त्याला गर्दी होती म्हणून वेग आला नव्हता, एवढंच. बाबा जर म्हणाले असते, जा... आणि त्यानं हट्ट धरून थाप उकळली असती... पुढं उतार होता.

त्यानं गिअर टाकायला हात उचलला. हात गिअरवर नीट बसला नाही. त्यानं तो परत स्टिअरिंगवर ठेवला आणि घट्ट धरला. तरी बोटं थांबेनात.

शालननं बघितलं. 

इंजिन चालू होतं. बाबा खाटेवरून बघत होते. ह्या वेळी डिझेलबद्दल ते काही म्हणाले नाहीत.

दौलतनं काच खाली केली. बराच वेळ समोरच्या रस्त्याकडं बघत राहिला. कुठलंही वाक्य आयुष्यात त्याला एवढं जड गेलं नव्हतं.

"बाबा..."

"बोल."

"थाप द्या."

नूरबाबा उठले. चपला न घालताच आले. उन्हानं तापलेल्या बॉनेटवर त्यांनी सगळा तळहात असा मारला, की मुली दचकल्या आणि दौलतच्या छातीपर्यंत तो आवाज गेला. मग हात तसाच बॉनेटवर ठेवून ते म्हणाले,

"प्रत्येक वळणाला हॉर्न मार. खाली लोकांना कळू दे, नूरबाबाचा माणूस उतरतोय."